ट्रंकेतून दप्तरात: सीमाभागातल्या मराठी कागदांचा संग्रह कसा उभा करायचा

आमच्या गावच्या सरकारी मराठी शाळेत शिक्षकाची एक जागा दीड वर्ष रिकामी होती. एसडीएमसीचे, म्हणजे शाळेवर देखरेख ठेवणाऱ्या पालकांच्या समितीचे, आम्ही चौघे अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो. टेबलामागच्या साहेबांनी अर्ज बाजूला सारला आणि विचारलं, "आता मुलं किती? दहा वर्षांपूर्वी किती होती? वर्गवार द्या." आमच्या पिशवीत वर्तमानपत्रांची कात्रणं होती, गॅदरिंगचे फोटो होते, माजी विद्यार्थ्यांच्या सत्काराचा अहवाल होता. आकडा एकही नव्हता. साहेबांनी भलतं काही विचारलं, असं मला आजही वाटत नाही.

आकडे शाळेतच निघाले. मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे एक पत्र्याची ट्रंक होती, तिच्यावर पिण्याच्या पाण्याची घागर ठेवायचे. आत हजेरीपट, जुनी जनरल रजिस्टरं (शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद असते ती), तपासणी अधिकाऱ्यांचे शेरेबुक. तळचे दोन गठ्ठे घागरीतून झिरपलेल्या पाण्यानं पावासारखे फुगले होते आणि एक वाळवीनं आतून पोखरला होता. वरून पुठ्ठा शाबूत, उघडला तर माती.

तिथून या नादाला लागलो. मी ना इतिहासकार, ना ग्रंथपाल. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, एका गावात दुकान चालवतो. पण चुका करून जे कळलं ते लिहून ठेवतो, म्हणजे तुमचं वर्ष वाया जायला नको.

१. आधी गाव कुणाच्या अमलाखाली होतं ते बघा

नवखा माणूस थेट बेंगळुरूला किंवा मुंबईला धावतो आणि रिकाम्या हातानं परततो. कागद सरकारच्या पाठोपाठ जातो. म्हणून एका पानावर तुमच्या गावाची वंशावळ काढा.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला; चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. म्हणजे चंदगडचे १९५६ च्या आधीचे सरकारी कागद बेळगाव जिल्ह्याच्या नावानं सापडतील आणि बेळगावचे त्याआधीचे कागद मुंबई सरकारच्या दप्तरात. हे सोपं. अवघड आहे ते संस्थानांचं. बेळगाव शहराला चिकटलेलं शहापूर सांगली संस्थानाचं होतं. रायबाग कोल्हापूर संस्थानात होतं. रामदुर्ग हे स्वतःच एक संस्थान. सांगली आणि इतर दक्षिणी संस्थानं १९४८ च्या मार्चमध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली, कोल्हापूर १ मार्च १९४९ ला. शहापुरातल्या एका घराण्याचे कागद शोधणारा माझा एक मित्र दोन महिने ब्रिटिश बेळगावच्या याद्या चाळत होता. त्याच्या पणजोबांची पेठ ब्रिटिशांच्या हद्दीतच नव्हती.

नावंही बदललेली आहेत. १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा एकविसावा खंड बेळगावचा आहे, तो इंटरनेटवर फुकट मिळतो. त्यात बैलहोंगल तालुका शोधाल तर मिळणार नाही, तो संपगाव या नावानं आहे. सौंदत्ती परसगड म्हणून आहे. म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं १९७३ ला, बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं २०१४ ला. एखाद्या यादीत शोधताना या साऱ्या नावांनी शोधा. "सापडत नाही" म्हणजे बहुतेक वेळा "दुसऱ्या नावानं ठेवलंय".

२. काय गोळा करायचं, आणि काय सोडून द्यायचं

सीमाभागात संग्रह म्हटला की लोक आंदोलनाकडे वळतात. हुतात्म्यांचे फोटो, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेऱ्या, नेत्यांची भाषणं. ते जपलंच पाहिजे, पण ते जपणारे बरेच आहेत. १९१९ पासून निघणाऱ्या 'तरुण भारत'च्या जुन्या अंकांत त्यातलं खूप काही छापूनही आलेलं आहे. तुम्ही साधे कागद उचला.

का, ते सांगतो. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची चौकट १९५६ च्या केंद्राच्या निवेदनात आणि १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ठरली. ती सगळी आकड्यांवर उभी आहे. प्राथमिक शाळेत एका वर्गात १० किंवा पूर्ण शाळेत ४० मुलं एका मातृभाषेची असतील तर त्या भाषेतून शिकवण्याची सोय करायची. माध्यमिकला शेवटच्या चार वर्गांत मिळून ६० आणि वर्गात १५. एखाद्या भागात अल्पसंख्याक भाषेचे लोक लोकसंख्येच्या १५ टक्के असतील तर महत्त्वाच्या सूचना, नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करायचे. राज्यघटनेचं ३५० अ हे कलम प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगतं, ३५० ब नं भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला. या सगळ्याला पुरावा लागतो तो हजेरीपटाचा. चौथीच्या वर्गात त्या वर्षी अकरा मुलं होती की नऊ, यावर गाडी अडते.

तेव्हा प्राधान्यानं उचला: हजेरीपट, जनरल रजिस्टर, तपासणीचे शेरे, शिक्षकांच्या बदलीचे हुकूम, पालकांचे सामूहिक अर्ज, त्यांची पोच, आणि नकाराची पत्रं. नकाराची पत्रं लोक रागानं फाडतात. फाडू देऊ नका. मंजुरीच्या पत्रापेक्षा नकाराच्या पत्रात जास्त माहिती असते, कारण त्यात कारण लिहावं लागतं. पाकीटही ठेवा, पोस्टाचा शिक्का तारीख सांगतो.

आणखी एक. सीमाभागातला मराठी माणूस म्हणजे एका साच्यातला नव्हे. निपाणीला १९२५ च्या एप्रिलमध्ये डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत बहिष्कृतांची प्रांतिक परिषद भरली. पण त्या भागातल्या दलित वस्त्यांतले कागद संग्रहांत क्वचित दिसतात. वसतिगृहांची रजिस्टरं, शिष्यवृत्तीचे अर्ज, बिडी वळणाऱ्या बायकांची ओळखपत्रं आणि मजुरीच्या वह्या, उर्दू शाळेचे पट, देवदासी महिलांच्या पुनर्वसनाचे अर्ज हे सारं समान संधीच्या खटपटीचंच दप्तर आहे. सुरुवातीला मी फक्त आमच्या गल्लीत फिरलो होतो. ज्या घरांत कपाट आहे तिथं कागद टिकतो, हे खरं. पण ज्या घरात कपाट नाही तिथं जो एखादा कागद टिकलाय तो कुणीतरी जिवापाड जपलाय, एवढं लक्षात ठेवून तिकडेही जा.

३. सोबत काय न्यायचं

- दोन वह्या: एक नोंदीची, एक पावतीची (कार्बन लावून दोन प्रती)
- शिसपेन्सिल, शक्यतो मऊ. बॉलपेन घरी ठेवा
- मऊ कुंचला, सुती फडका, मास्क
- फोन, चार्जर, काळं किंवा राखाडी कापड पार्श्वभूमीला
- तुमचं ओळखपत्र आणि एसडीएमसी, वाचनालय किंवा मंडळाचं पत्र
- सरकारी अभिलेखागारात जायचं असेल तर आधारची प्रत, दोन फोटो, आणि काय शोधताय ते सांगणारा साधा अर्ज

लॅमिनेशनचं सामान आणि सेलोटेप नेऊ नका. कुणी आपल्या कागदाला प्रेमानं लॅमिनेशन करून आणलं असेल तर मनातल्या मनात हळहळा, तोंडानं काही बोलू नका.

४. घरोघरी: मागू नका, ऐका

पहिल्याच घरी मी पायरीवर उभा राहून "जुने कागद आहेत का?" असं विचारलं. उत्तर आलं, "न्हाई." लोकांना वाटतं, जमिनीचा काही घोळ आहे किंवा कुणी जातीचा दाखला काढायला आलाय. आता मी एक झेरॉक्स घेऊन जातो. आमच्या शाळेच्या १९५८ च्या हजेरीपटाचं एक पान. पुढं करतो आणि गप्प बसतो.

एका घरच्या आजींनी ते पान हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं. "काय हुडकूलालास बाळ?" म्हणाल्या. मग बोट एका नावावर थांबलं. "ही माझी नणंद. तिसरीतनं काढली. भाऊ झाला न्हवं, सांभाळायला." त्या नावापुढं श्रावणानंतर 'गैर' 'गैर' 'गैर' आणि मग रेघ. पटावरून फक्त एवढंच कळतं की एक मुलगी शाळेतून गेली. ती का गेली हे आजींना माहीत होतं. नंतर त्यांनीच आत जाऊन उशीखालची पिशवी आणली, तिच्यात दिराची फायनलची, म्हणजे सातवीच्या परीक्षेची, सर्टिफिकेट होती.

म्हणून कागदाबरोबर गोष्ट नोंदवा. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा, सुरुवातीलाच नाव, गाव, तारीख बोलून घ्या आणि ते कुणाला ऐकवायचं ते त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. घरच्या मुलांसमोर नको असं म्हणाले तर तेही लिहा.

मूळ कागद घरी आणायचा नाही, हा माझा नियम. तिथंच फोटो काढायचा. आणावाच लागला तर पावती द्या: काय घेतलं, किती पानं, कधी परत. आमच्या ओळखीच्या एका संग्राहकानं पंधरा वर्षांपूर्वी एका गावातून गठ्ठा नेला, परत केला नाही. त्या गावात आज कुणी दार उघडत नाही.

५. जागेवरून हलवण्याआधी नोंद

गठ्ठा जसा बांधलाय तसा आधी फोटो काढा. कोणता कागद कोणाच्या खाली होता, कोणत्या दोऱ्यात होता, ही माहिती एकदा विस्कटली की मिळत नाही. वर्षवार लावण्याची हौस आवरा. ज्या क्रमानं मास्तरांनी ठेवलं त्या क्रमाला अर्थ असतो.

वहीत सहा रकाने पुरेत: अनुक्रमांक, काय आहे, तारीख, कोणाकडून, किती पानं, अट. अनुक्रमांक कागदाच्या मागं कोपऱ्यात पेन्सिलीनं, हलक्या हातानं. फोटोच्या फाइललाही तोच क्रमांक. "आजोबांचे कागद नवीन फायनल २" असल्या नावांनी माझं एक आख्खं फोल्डर निकामी झालंय.

६. साफसफाई, आणि पाऊस

खानापूरच्या पावसात जूनपासून कागदावर बुरशी चढते, हे वेगळं सांगायला नको. बुरशीचे कागद वेगळ्या खोलीत, वेगळ्या पेटीत. उन्हात टाकू नका, शाई उडते. सावलीत, पंख्याखाली, जुन्या सुती साडीवर पसरा. पूर्ण सुकल्यावरच कुंचला फिरवा, मास्क लावून. लोखंडी टाचण्या, स्टेपलच्या पिना, गंजलेल्या क्लिपा अलगद काढा, गंज कागद खातो. रबर बँड काढून सुती नाडा बांधा. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ठेवलं तर आत घाम धरतो. ट्रंक भिंतीला चिकटून किंवा जमिनीवर नको. चार विटांवर ठेवा. आणि वर घागर तर नकोच.

फोटो काढताना खिडकीचा उजेड घ्या, फ्लॅश बंद. पानाचे चारही कोपरे दिसले पाहिजेत, कोरी मागची बाजूसुद्धा. प्रती तीन ठेवा, त्यातली एक गावाबाहेर.

७. तारखा, मोडी आणि कन्नड

जुन्या कागदावर १८४५ दिसलं म्हणून इंग्रजांच्या सुरुवातीच्या काळात उडी मारू नका. तो शक असेल तर ७८ मिळवा, म्हणजे १९२३-२४. महसुली कागदावर फसली सन असेल तर ५९० मिळवा. फसली १३०० म्हणजे १८९०-९१. हा हिशोब वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

मोडी लिपी येत नसेल तर लाजू नका, मलाही येत नव्हती. महाराष्ट्राचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. महिनाभरात नावं आणि आकडे वाचता येतात. संग्रहाच्या कामाला सुरुवातीला तेवढं पुरतं. वाचून देणारा मिळाला तर त्याला आधी तुम्हाला माहीत असलेला एखादा कागद द्या, कसा वाचतो ते कळेल. मोडी वाचता येणाऱ्यांचा भाव हल्ली फार वधारलाय.

कन्नडबद्दल स्पष्टच बोलतो. १९५६ नंतरचे कागद जसजसे पुढं येतात तसतसे कन्नडमध्ये आहेत. मराठी शाळेचा इतिहास लिहायचा तर कन्नड वाचता आलं पाहिजे, किंवा वाचणारा मित्र पाहिजे. आमच्या कामात सगळ्यात जास्त मदत शेजारच्या गावच्या एका कन्नड शाळेतल्या गुरुजींनी केली. रविवारी येऊन बसायचे, एकेक हुकूम वाचून सांगायचे. चहाशिवाय काही घेतलं नाही.

८. सरकारी दप्तरं

मुंबई सरकारचे शिक्षण आणि महसूल खात्यांचे कागद मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या अभिलेखागारात आहेत. पेशवाईतले, इनामांचे कागद पुण्याला पेशवे दप्तरात. कोल्हापूर संस्थानाचे कोल्हापूरला. कर्नाटकचं राज्य अभिलेखागार बेंगळुरूला. जाण्याआधी फोन करा, सूची ऑनलाइन आहे का विचारा. पहिला दिवस फक्त सूची वाचण्यात घालवा. मी पहिल्याच दिवशी कागद मागवायला लागलो आणि तीन दिवस चुकीच्या बस्त्यांत बुडालो.

घरबसल्या मिळणारी एक खाण म्हणजे भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचे वार्षिक अहवाल. हे पद १९५७ पासून आहे, अहवाल राष्ट्रपतींना जातो आणि संसदेत मांडला जातो. विभागीय कार्यालय बरीच वर्षं बेळगावातच होतं. कर्नाटकाच्या प्रकरणात भाषावार शाळा, विद्यार्थी, शिक्षक यांचे तक्ते सापडतात. जिथं तक्ता नाही आणि राज्याकडून माहिती आली नाही असं लिहिलंय, ते पानही ठेवून घ्या. त्याच्या जोडीला जनगणनेचा मातृभाषेचा तक्ता, सी-१६. २०११ चा जिल्हा आणि तालुकावार मिळतो.

स्थानिक कार्यालयासाठी माहिती अधिकार. इथं तीन खड्डे आहेत.

पहिला: कर्नाटकाच्या नियमाप्रमाणे अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर पाहिजे. माझा पहिला अर्ज दोन पानी, सात प्रश्नांचा. परत आला. आता मी सात अर्ज करतो, प्रत्येकाला १० रुपये.

दुसरा: भाषा. माहिती अधिकाराचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या अधिकृत भाषेत करायचा, म्हणजे आपल्याकडे कन्नडमध्ये. मराठीतला अर्ज परत आला तर भांडायला जागा थोडी. उलट गाऱ्हाणं मांडणारं निवेदन मात्र घटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतं. लोक या दोन्हींची गल्लत करतात. माहिती मागायची तर कन्नडमध्ये, तक्रार करायची तर बिनधास्त मराठीत. दोन्हींची पोच घ्या.

तिसरा: "शाळेची सर्व कागदपत्रे द्या" असं मागू नका. "अमुक शाळेचा १९८५ ते १९९० चा वर्गवार पट, आणि ती रजिस्टरं आज कुठं आहेत" असं मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. "उपलब्ध नाही" असं उत्तर आलं तर कागद नष्ट केल्याची नोंद मागा. आम्हाला एकदा असंच उत्तर आलं, आम्ही नष्ट केल्याची नोंद मागितली, आणि पंधरा दिवसांत रजिस्टर सापडलं.

९. काय दाखवायचं नाही

जनरल रजिस्टरात जात असते, जन्मतारीख असते, बापाचा धंदा असतो, शाळा सोडल्याचं कारण असतं. आख्खं पान व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. आमच्या ग्रुपवर एकानं हौसेनं टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी कुणाच्या तरी जातीवरून चर्चा सुरू झाली. हयात माणसांची नावं झाका. आकडे द्या, वर्ग द्या, वर्ष द्या. कामाला तेवढं पुरतं.

१०. ठेवायचं कुठं

एका माणसाच्या घरात ठेवू नका, तो माणूस मी असलो तरी. मूळ कागद ज्याचा त्याच्याकडे किंवा शाळेत. फोटोंची एक प्रत एखाद्या वाचनालयात. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे, आणि तालुक्याच्या गावीही जुनी वाचनालयं आहेत. संस्थेला देताना करार करा, साध्या कागदावर चालेल: मालकी कुणाची, कोण बघू शकेल, संस्था बंद पडली तर कागद कुणाकडे जातील. हे शेवटचं कलम लोक लाजेनं घालत नाहीत. घाला.

आमच्या शाळेची ट्रंक आता विटांवर आहे. आत नाड्यांनी बांधलेले एकोणतीस गठ्ठे, झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवलेली. साहेबांनी मागितलेला वर्गवार तक्ता आम्ही दिला, दहा वर्षांचा नाही, बत्तीस वर्षांचा. शिक्षकाची जागा भरायला त्यानंतरही आठ महिने लागले. घागर आता खिडकीत असते.